कंबर वाढली, वजन तेवढंच

ता. ९ जानेवारी

चि. बारकीस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पार्सल काल दुपारी आलं. गणवेशाच्या दोन्ही पँटी आणि कोट मिळाला. सोबतची चिठ्ठीही मिळाली. तिच्यात खुशालीचा एक शब्द नाही, नुसते हुकूम. पँटींची कंबर सैल कर, कोटाचे खांदे आत घे. वीस वर्षं दुकानादुकानांत काटे आणि वजनं तपासत फिरून तुला आता सख्ख्या बहिणीलाही नोटीस बजावायची सवय लागलेली दिसते. असो.

आता माझी नोटीस ऐक. गेल्या जूनपासून या पँटी तिसऱ्यांदा कंबर वाढवायला आल्या आहेत. दोनदा मी शिवणीत मुडपलेलं जादा कापड सोडून दिलं. आता सोडायला कापडच उरलं नाही, म्हणून मागे पट्टी जोडावी लागली. माझ्या वहीप्रमाणे सहा महिन्यांत तुझी कंबर साडेचार इंच वाढली. वाढू दे, पन्नाशीला टेकलीस. पण मग त्याच बाईचे खांदे अर्धा इंच आत कसे गेले? बाही तर अशी ढगळ झाली आहे की आत दोन हात मावतील. माणूस सुटतो तेव्हा सगळीकडून सुटतो, बारके. चाळीस वर्षं शिवणकाम करून मी तरी असंच पाहिलं आहे.

तू माझ्यापासून काहीतरी लपवते आहेस असा मला दाट संशय आहे. तुझी भाची चिमणी म्हणते, मावशीने गुपचूप लग्न केलं असेल आणि आता गोड बातमी असेल. मी तिला म्हटलं, एकोणपन्नासाव्या वर्षी मावशीला नवरा मिळाला तर ती आधी त्याला तराजूत बसवून बघेल. थट्टा राहू दे. उलट टपाली खरं काय ते लिही. फोन करू नकोस, मशीनच्या आवाजात मला धड ऐकू येत नाही.

लोभ आहे, तो पट्टी न जोडता पुरेल.
तुझी,
ताई


ता. १४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पँटी मिळाल्या. पट्टी इतकी बेमालूम जोडली आहेस की गिऱ्हाइकाने फसवणुकीची तक्रार केली असती तर मलाही पुरावा सापडला नसता. चिमणीला सांग, तिचे कान उपटायला मी येतेच आहे.

तुझी शंका मात्र मला मान्य नाही. तुझी टेप कापडी आहे. ती कधी धुतली असशील तर आटली असेल, आणि आटलेल्या टेपवर माप जास्त भरतं. माझ्याकडे त्याहून चांगला पुरावा आहे. दर सोमवारी काम सुरू होण्याआधी मी कचेरीतल्या प्रमाणित काट्यावर उभी राहते. जूनमध्ये एकसष्ट किलो चारशे होते, परवा एकसष्ट किलो सहाशे. वजन वाढलं नाही, म्हणजे मी सुटले नाही. कमी झालं नाही, म्हणजे मी आजारी नाही. काटा मी स्वतः तपासलेला आहे. काटा खोटं बोलत नाही, माणसं बोलतात.

पोट फुगतं हे खरं. दोन घास खाल्ले की गच्च भरल्यासारखं होतं. बाथरूमच्या खेपा वाढल्या आहेत आणि कंबर धरते. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी अॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या आहेत. या वयात सगळ्यांचंच होतं म्हणाले. तू उगाच राईचा पर्वत करू नकोस.

लोभ ठेव आणि टेप बदल.
तुझी,
बारकी


ता. १९ जानेवारी

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टेप बदलली. पोलादी आणली, दुकानात दोन पट्ट्यांशी ताडून मगच घेतली. तुझ्या पँटींचे कागदी साचे आणि इथे राहिलेला कोट पुन्हा मापला, आकडे तेच. शिवाय जरा डोकं चालव. टेप आटलेली असती तर तुझे खांदेही मोठे भरले असते. टेप एका ठिकाणी खरं आणि दुसऱ्या ठिकाणी खोटं बोलत नाही.

आता तुझ्या काट्याचं. तो बरोबर आहे असं धरू. मग खांद्यांतलं आणि दंडांतलं गेलेलं वजन कुठे गेलं? तू एखाद्या किराणावाल्याला हा प्रश्न विचारला असतास आणि तो गप्प बसला असता, तर त्याचं दुकान सील करून आली असतीस.

माझ्या एका गिऱ्हाइकाचं असंच झालं होतं, पुष्कळ वर्षांपूर्वी. ते सगळं लिहीत बसत नाही. तू फक्त बायकांच्या डॉक्टरकडे जा. पोटाच्या गोळ्या देणाऱ्याकडे नको. पोटाची सोनोग्राफी करून घे आणि मला कागद पाठव. या आठवड्यात गेली नाहीस तर मी दुकानाला कुलूप लावून तुझ्या दारात येऊन बसेन.

लोभ आहे म्हणूनच धमकी आहे.
ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे मान्य करते, की काटा बरोबर होता. चुकीचं वाचलं ते मी. पोटात सुई घालून त्यांनी चार लिटर पाणी काढलं. बाहेर येऊन दवाखान्याच्या काट्यावर उभी राहिले, तर सत्तावन्न किलो चारशे. अंगावरचं मांस महिनोन्‌महिने झडत होतं, तेवढंच पाणी पोटात साठत होतं, आणि मी दर सोमवारी खुशीत नोंद करत होते. पोट, खांदे मला दिसत नव्हते असं नाही. मी आकडाच बघत राहिले.

ओव्हरीचा कॅन्सर आहे. दोन्ही बाजूंना गाठी आहेत. आजार तिथून बाहेर पडून पोटाच्या अस्तरावर ठिकठिकाणी बसला आहे. तिसरी पायरी म्हणतात. रक्तात एक तपासणी असते, तिचा आकडा भलताच वाढलेला आला. मी म्हटलं, एका आकड्यावर माझा विश्वास नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांचाही नाही, साध्या कारणांनीही तो वाढतो. म्हणून तुकडा काढून तपासला. काचपट्ट्या मी दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवल्या, पहिल्यांचा निकाल न सांगता. दोन्हींकडून एकच उत्तर आलं. लवकर का कळलं नाही, तर या आजाराची खूण म्हणजे पोट फुगणं, भूक मरणं, सारखं बाथरूमला जाणं. अशा तक्रारींना कोण आजार म्हणतं? आणि काही त्रास नसताना पकडेल अशी खात्रीची तपासणी नाही.

आता माझा संशय. ऑपरेशन आधी करत नाहीत. आधी तीन डोस केमो, तीन-तीन आठवड्यांनी, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन. गाठ आहे तर आधी काढत का नाहीत? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठिपके फार पसरले आहेत, आज उघडलं तर बरंच मागे राहील. औषधाने आकसले की सगळं निघण्याची शक्यता वाढते, आणि मागे किती राहतं यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं. मी हाच प्रश्न तीन वेळा शब्द बदलून विचारला. उत्तर बदललं नाही. तरी मला पटलेलं नाही.

कारण आई. आईला हेच झालं होतं ना? डॉक्टरीणबाईंनी घरच्यांचे आजार विचारले, तेव्हा पहिल्यांदा मला ते लख्ख दिसलं. मी वसतिगृहात होते. तू लिहिलं होतंस की दोन डोस झाले आणि औषध आईला सोसलं नाही. ते वाक्य मला अठ्ठावीस वर्षं पाठ आहे. आई आजाराने गेली नाही, औषधाने गेली. मग तेच औषध मी हात पुढे करून का घेऊ? जेवढे दिवस आहेत तेवढे शुद्धीत काढीन.

डॉक्टरीणबाईंना आईची सगळी माहिती हवी आहे. कोणतं औषध, किती डोस, केव्हा. आठवून लिही.

लोभ असो. सध्या मला त्याची गरज आहे.
बारकी


ता. १६ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. दोन दिवस मशीनला हात लावला नाही. चिमणीला अजून सांगितलेलं नाही.

तू औषध घे. आईचं काय घेऊन बसलीस? तो काळ वेगळा होता, औषधं वेगळी होती, डॉक्टर वेगळे होते. हल्ली उलटी थांबवायला औषध असतं, आधी रक्त तपासतात, सगळं जपून करतात. आईचं वयही तुझ्याहून जास्त होतं. औषधाचं नाव मला कसं आठवणार? तीन डोस झाले असतील. दवाखाना केव्हाच बंद झाला. डॉक्टरीणबाईंना सांग की घरच्यांना नीट आठवत नाही.

झालं गेलं उकरून काय मिळणार आहे? तू फक्त औषध घे. मी पायघड्या घालीन, म्हणशील ते शिवून देईन. एवढं ऐक.

लोभ आहे.
ताई


ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी माणसांचे जबाब घेण्यावर पगार घेते, हे तू विसरलीस.

त्या वेळी दोन डोस लिहिले होतेस, आता तीन म्हणतेस. तुझी स्मरणशक्ती अशी, की शेजारणीच्या मुंजीएवढ्या मुलाचं गळ्याचं माप तुला तो बाप झाल्यावरही सांगता येतं. आणि स्वतःच्या आईचे डोस आठवत नाहीत? विचारलं एक, उत्तर दिलंस भलतंच. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

मला वाटतं, आईचे हाल तू सांगितलेस त्याहून भयंकर झाले. दोन डोस नसतील, पाच असतील. तू बघितलं आहेस आणि मी घाबरेन म्हणून दडवते आहेस. म्हणजे माझा निर्णय बरोबरच आहे. सोमवारी, दोन मार्चला, डॉक्टरीणबाईंना हो की नाही सांगायचं आहे. मी नाही सांगणार. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं आहे, की उपचार न घेणं हा माझा हक्क आहे, पण तसं केलं तर हाती फार तर काही महिने राहतील. निदान त्या ताकाला जाऊन भांडं लपवत नाहीत.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.
बारकी


ता. २३ फेब्रुवारी

चि. बारकीस,

आशीर्वाद द्यायला हात उचलवत नाही. आधी वाच, मग ठरव.

आईला दोन डोस दिले नव्हते. तीनही नाही आणि पाचही नाही. आईला एकही डोस दिला नव्हता.

डॉक्टरांनी बाबांना आत बोलावून आजाराचं नाव सांगितलं. ऑपरेशन आणि औषध, बरं होईल असं नाही, पण काही वर्षं मिळू शकतील, असं म्हणाले. बाबा बाहेर आले आणि म्हणाले की नाव ऐकूनच ती मरेल. तिला काही कळू द्यायचं नाही, घरी न्यायचं. मी तीस वर्षांची होते, मला विरोध करता आला असता. वॉर्डातल्या टक्कल पडलेल्या बायका बघून मी घाबरले होते. मी मान हलवली. आईला आम्ही गॅस सांगितला. पाचक पूड देत राहिलो.

तू पत्रामागून पत्र लिहीत होतीस, की औषध सुरू केलं का. बाबा म्हणाले, हो लिहून टाक, तिची परीक्षा आहे. मी लिहिलं. आई गेल्यावर तू विचारलंस, औषध चालू असताना कशी गेली? तेव्हा एक खोटं सांभाळायला दुसरं लिहिलं, की सोसलं नाही. ते वाक्य तुला पाठ आहे. मलाही आहे.

जानेवारीत लिहिलेलं गिऱ्हाईक म्हणजे आई. तिचे खांदे असेच उतरले होते आणि कंबर अशीच वाढत होती. मी दर महिन्याला तिचे कपडे सैल करून देत होते. एकदा मापाला उभी असताना तिने मला विचारलं, की तिला काय झालंय ते मी तरी सांगावं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. टाचण्या होत्या म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. मला वाटतं तिला कळलं होतं, आणि आमच्यासाठी ती गप्प राहिली.

जून महिन्यात तुझी पँट पहिल्यांदा आली, तेव्हाच मला चरकल्यासारखं झालं होतं. तरीही मी शिवण उसवली आणि सैल करून पाठवली. ऑगस्टमध्येही तेच. ते सहा महिने माझ्या डोक्यावर आहेत.

औषध दिलं असतं तर आई वाचली असती असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण औषधाने ती गेली नाही, बारके. माझ्या खोट्यापायी तू जाऊ नकोस. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणायला मला तोंड नाही, म्हणून बाबांच्या ट्रंकेतला कागद सोबत जोडते आहे. उपचार नातेवाइकांनी नाकारले, असं त्यावर लिहिलं आहे. सही बाबांची आहे. खाली साक्षीदार म्हणून माझी.

ताई


ता. ३ मार्च

ताई,

कागद मिळाला. तुझी सही जुन्या पत्रांवरच्या सहीशी ताडून पाहिली. तुझीच आहे. कागद डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्यांनी वाचून घडी घातली आणि मला पाणी दिलं.

काल पहिला डोस घेतला. सहा तास लागले.

नमस्कार लिहिलेला नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

बारकी


ता. १६ एप्रिल

ती. ताईस,

तीन डोस झाले. तू दर आठवड्याला पत्र पाठवत होतीस आणि मी उत्तर देत नव्हते, ती काही फक्त मळमळ नव्हती. राग होता. अजून आहे. आईला एकदा विचारायला हवं होतं, एवढ्यावरच मी पुन्हा पुन्हा येते. पण राग धरून ठेवायलाही अंगात ताकद लागते आणि सध्या ती पुरवून वापरावी लागते.

केस गेले. भुवयाही गेल्या, त्यामुळे दुकानदार मला आता जास्त घाबरतात. बोटांची टोकं बधिर झाली आहेत, बारीक वजनं चिमट्याशिवाय उचलता येत नाहीत. डोस घेतल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाडं ठणकतात, मग हळूहळू माणसात येते. शेजारच्या खुर्चीत एक बेकरीवाली बसते. तिचा पाचवा डोस आहे. ती मला जीभ कोरडी पडू नये म्हणून बर्फ चोखायला शिकवते, आणि मी तिला तिचा पावाचा काटा पन्नास ग्रॅमने चुकतो आहे हे अजून सांगितलेलं नाही. पोट पुन्हा भरलेलं नाही. स्कॅनमध्ये ठिपके आकसले आहेत. मी ते दोघांकडून वाचून घेतलं.

रक्ताच्या तपासणीत घराण्यातून आलेला जनुकीय दोष सापडला. आईकडून आला असणार. तुझ्यातही असू शकतो, तुझ्यातून चिमणीतही. असला म्हणजे आजार होईलच असं नाही, पण आधी कळलं तर करता येण्यासारखं असतं. चिमणीला तू स्वतः सांग. गॅस म्हणू नकोस.

ऑपरेशन अकरा मेला आहे. ये. एक अट आहे. मी बेशुद्ध असताना डॉक्टरीणबाई जे सांगतील ते तुलाच सांगणार आहेत, तसं मी लिहून दिलं आहे. ते सगळं तू कागदावर लिहायचंस, आणि मला शुद्ध आली की कागद हातात द्यायचास. तोंडाने सांगायला लागलीस की तू गोड करतेस.

लोभाचा हिशोब नंतर बघू.
बारकी


ता. ११ मे, दुपारचे चार

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. डॉक्टरीणबाई आत्ता बाहेर येऊन गेल्या. त्या बोलत असतानाच मी शब्द टिपून घेतले.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय काढलं. आतड्यांपुढे चरबीचा पडदा असतो, तोही काढला. अस्तरावरचे काढता येतील तेवढे ठिपके खरवडून काढले. रक्त दोन बाटल्या द्यावं लागलं. तुझी नाडी, रक्तदाब ठीक आहे.

आता पुढचं. सगळं निघालं नाही. लहान आतडं जिथे मागे धरलेलं असतं तिथे काही बारीक ठिपके राहिले आहेत. प्रत्येक एक सेंटिमीटरहून लहान आहे. ते काढायला गेलं असतं तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटला असता, म्हणून ठेवले. उरलेले तीन डोस त्यांच्यासाठी आहेत, आणि घराण्यातल्या दोषामुळे तुला नंतर चालणाऱ्या गोळ्याही आहेत. मी विचारलं, मग बरी होईल ना? त्या म्हणाल्या, आजार पूर्ण हटू शकतो, पण या पायरीवर तो पुष्कळांना परत येतो. मी किती वर्षं विचारलं. त्यांनी आकडा दिला नाही. खरंच माहीत नाही, म्हणाल्या.

हा दुसरा कागद आहे. पहिला मी फाडला. त्यात वरचा परिच्छेद नव्हता.

चिमणीला परवा सांगितलं. आईचं, माझं, सगळं. ती रडली, मग माझ्याशी भांडली, मग स्वतःच तपासणीची वेळ घेऊन आली, दोघींची. माझं रक्त दिलं आहे, निकाल यायचा आहे. मला भीती वाटते आहे, बारके. तुझ्यासाठी जास्त.

यात काही गाळलेलं नाही.
ताई


ता. १२ मे, सकाळ

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नर्सबाईंनी तुझा कागद दिला. दोनदा वाचला. मग डॉक्टरीणबाई फेरीला आल्या, तेव्हा कागद चादरीखाली लपवला आणि मला काहीच ठाऊक नाही असं दाखवून त्यांना सगळं पहिल्यापासून विचारलं. ठिपक्यांचं विचारलं, परत येण्याचं विचारलं. तू लिहिलंस ते आणि त्यांनी सांगितलं ते शब्द न शब्द जुळलं.

टाक्यांमुळे जास्त लिहवत नाही. तू बाहेर बाकावर बसल्या बसल्या झोपली आहेस म्हणतात. मी उठवू नका म्हटलं आहे. जाग आली की आत ये. मला रडायचं आहे आणि एकटीने रडलं की पोट दुखतं.

तुझी,
बारकी